चाळिशीतला अर्ज

माणूस अर्ज लिहितो तो बहुधा पंचविशीच्या आत. शाळेतील प्रवेशासाठी, नादारीसाठी, पुढे नोकरीसाठी असे अर्ज लिहून तो एकदा एखाद्या खुर्चीत स्थिरावला, की त्याची अर्जदारी संपते आणि इतरांच्या अर्जांवर शेरे मारण्याचा काळ सुरू होतो. पत्रकाराच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. गावची पाणीयोजना रखडली, शिक्षकांचे पगार थकले, धरणग्रस्तांना जमीन मिळाली नाही, की लोक आपल्या अर्जांच्या नकला घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीत येतात. त्या वाचता वाचता पत्रकाराच्या मनात नकळत अशी समजूत मूळ धरते, की अर्ज ही दुसऱ्यांनी करावयाची गोष्ट आहे. अशा माणसावर वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी स्वतः अर्ज लिहिण्याची पाळी आली म्हणजे काय घडते, ते मी आज आपणांस सांगणार आहे.

हा अर्ज होता अभ्यासवृत्तीसाठी. हिला इंग्रजी नावाने फेलोशिप म्हणण्याचाच प्रघात अधिक आहे. विद्यार्थ्याला मिळणारी शिष्यवृत्ती वेगळी आणि ही वेगळी. शिष्यवृत्ती पुढील आयुष्याच्या तयारीसाठी असते. ही अभ्यासवृत्ती अर्धे आयुष्य कामात घालविलेल्या माणसासाठी असते. दहा-पंधरा वर्षे वृत्तपत्रात काढलेल्या पत्रकाराने काही महिने किंवा एखादे वर्ष रोजच्या धबडग्यातून बाजूला व्हावे, एखाद्या विषयाचा मुळापासून अभ्यास करावा, आणि पुन्हा आपल्या कामावर यावे, अशी तीमागील कल्पना.

ह्या कल्पनेला निश्चित रूप आले ते अमेरिकेत. मिलवॉकी जर्नल ह्या दैनिकाचे संस्थापक ल्यूशियस नीमन १९३५ साली वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी अ‍ॅग्नेस नीमन ह्यांचेही निधन झाले. पतीच्या स्मरणार्थ त्यांनी हार्वर्ड विद्यापीठास दहा लाख डॉलरहून अधिक रकमेची देणगी ठेविली होती. पत्रकारितेचा दर्जा उंचवावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आता ह्या पैशांचे करावयाचे काय? पत्रकारितेचे नवे विद्यालय काढणे हा सोपा मार्ग होता. परंतु विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कोनंट ह्यांनी तो टाळला आणि कामावर असलेल्या पत्रकारांनाच विद्यापीठात बोलाविण्याचे ठरविले. १९३८ साली नऊ पत्रकारांची पहिली तुकडी आली. परीक्षा नाही, पदवी नाही; इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, ज्याला जे हवे ते त्याने शिकावे. पुढे स्टॅनफर्ड येथे, आणि १९८३ पासून ऑक्सफर्ड येथेही अशा योजना सुरू झाल्या. विद्यापीठ पत्रकाराला प्रथम विचारते ते एवढेच, की तुम्हांला काय शिकावयाचे आहे?

आपल्याकडील जुन्या संपादकांना हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण त्यांना विचारण्याची गरजच नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली दर्पण काढले ते स्वतः गणित आणि ज्योतिष जाणणारे विद्वान होते. लोकमान्य टिळकांनी केसरी चालविता चालविता वेदकालावर ग्रंथ लिहिला. आणि गीतारहस्य लिहावयास त्यांना जी सवड मिळाली, ती मंडालेच्या तुरुंगात. त्या काळी संपादकाची अभ्यासरजा परस्पर सरकारच मंजूर करीत असे, असे विनोदाने म्हणता येईल! स्वातंत्र्यानंतर पत्रकारिता हा व्यवसाय झाला. १९५५ साली संसदेने कायदा करून 'श्रमिक पत्रकार' ह्या शब्दाला अर्थ दिला. चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम घेऊ नये, कामावर काढलेल्या काळाच्या किमान एक-अकरांश इतकी भरपगारी रजा द्यावी, असे ठरविले. हा कायदा २०२० च्या संहितेत समाविष्ट झाला. त्याने पत्रकाराला विश्रांती दिली, आणि ते फार मोठे काम होते. परंतु विश्रांतीची सवड निराळी आणि अभ्यासाची सवड निराळी. रजेत माणूस झोप भरून काढतो. अज्ञान भरून काढीत नाही.

आपल्या देशात अभ्यासवृत्ती मिळालेला पत्रकार पुष्कळदा विद्यापीठात न जाता रस्त्यावर जातो. ह्याचे ठळक उदाहरण पी. साईनाथ ह्यांचे. मुंबईच्या ब्लिट्झ साप्ताहिकात दहा वर्षे काढल्यावर १९९३ साली त्यांनी टाइम्स ऑफ इंडियाच्या अभ्यासवृत्तीसाठी अर्ज केला. देशातील अत्यंत गरीब जिल्ह्यांत जाऊन लिहीन, असे त्यांचे म्हणणे होते. वाचकांना ह्या विषयात गोडी नसली तर काय कराल, असे मुलाखतीत एका संपादकाने विचारले. तेव्हा, वाचकांच्या वतीने बोलणारे तुम्ही त्यांना शेवटचे कधी भेटला होता, असा उलट प्रश्न त्यांनी केला. त्यांना अभ्यासवृत्ती मिळाली. सोळा प्रकारच्या वाहनांनी आणि सुमारे ५,००० किलोमीटर पायी हिंडून त्यांनी दीड वर्षात ८४ वृत्तलेख लिहिले. १९९६ साली त्यांचे पुस्तक निघाले. 'दुष्काळ आवडे सर्वांना' ह्या नावाने ते मराठीतही आले. ओरिसातील एका भागात गाईंची पैदास सुधारण्यासाठी स्थानिक वळू खच्ची करण्यात आले आणि त्यापायी तेथील चांगली जातच नाहीशी झाली, ही हकीगत त्या पुस्तकात आहे. अशी योजना जाहीर होते त्या दिवशी तिची बातमी कोणीही देऊ शकतो. तिचे पुढे काय झाले, हे कळावयास मात्र त्या गावात काही दिवस राहावे लागते. अभ्यासवृत्ती पत्रकाराला देते ते हे दिवस.

आता माझ्या अर्जाविषयी. मी १९८९ साली एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो. पुढे वार्ताहर झालो आणि पाणी हा विषय माझ्याकडे आला. दुष्काळ, धरणे, टँकर, कालव्यांची आवर्तने ह्यांवर मी इतके लिहिले, की कचेरीत मला थट्टेने 'पाणीवाले' म्हणत. २००३ च्या उन्हाळ्यात एका खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचे पोस्टकार्ड आले. त्यात एवढेच होते: 'धरणात इतके टीएमसी पाणी उरले, असे आपण दर आठवड्यास लिहिता. एका टीएमसीत किती एकर ज्वारी भिजते, ते कृपया कळवावे.' एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर, एवढे मला पाठ होते. परंतु ते पाणी धरणातून सुटल्यावर वाटेत किती मुरते, किती उडून जाते, बांधापर्यंत किती पोचते, हे मला ठाऊक नव्हते. चौदा वर्षे मी तो शब्द लिहीत होतो, आणि त्याने काय भिजते हे मला सांगता येत नव्हते. कार्ड कित्येक दिवस माझ्या टेबलावर पडून राहिले. मी उत्तर पाठविले नाही.

त्याच सुमारास एका संस्थेच्या अभ्यासवृत्तीची जाहिरात वाचनात आली. अर्जासोबत अशा ठिकाणी जे मागतात तेच मागितले होते: स्वतःविषयी एक टिपण, अभ्यासाची योजना, प्रसिद्ध झालेल्या लेखनाचे मोजके नमुने, शिफारशीची पत्रे, आणि मालकांची रजेस संमती. मला वाटले, टिपण एका रात्रीत होईल. दोन तासांत कोणत्याही विषयावर दोन स्तंभ लिहिणे हाच तर आमचा धंदा!

प्रथम कात्रणे काढावयास बसलो. एका पत्र्याच्या पेटीत ती वर्षावार बांधून ठेविली होती. त्यांतून उत्तम अशी तीन निवडावयाची होती. १९९२ च्या दुष्काळातील एक बातमी मला फार चांगली वाटे, ती वाचली. मग २००३ ची वाचली. दोन्हींत बायकांची पाण्यासाठी वणवण होती, दोन्हींत कोरडी विहीर होती, एक म्हातारा आकाशाकडे पाहत होता, आणि शेवटी प्रशासनाने लक्ष घालावे अशी मागणी होती. गावाचे नाव तेवढे निराळे. अकरा वर्षांत दुष्काळ बदलला नव्हता असे म्हणावे, तर मीही बदललो नव्हतो. त्या रात्री पेटी बंद केली ती पुढे चार दिवस उघडली नाही.

मग संपादकांकडे गेलो. ते सज्जन गृहस्थ होते. माझे पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "संमती देतो. पण एक विचारतो. सहा महिने तुम्ही इथे नसलात आणि तरीही अंक वेळेवर निघत राहिला, तर तुम्हांला कसे वाटेल?" माझ्या मनातील खरी भीती त्यांनी नेमकी ओळखली होती. आपल्यावाचून अडते, ह्या समजुतीवरच पत्रकार पहाटे दोनपर्यंत जागतो. घरी आईने विचारले, "पोराला शाळेत घालायच्या दिवसांत तूच रे कुठल्या शाळेत निघालास?" पत्नीने हिशेबाची वही काढली. अभ्यासवृत्तीची रक्कम पगाराहून कमी होती; घराचे हप्ते चालू होते. वही मिटून ती म्हणाली, "पैशांचं मी बघते. पण परत येऊन पुन्हा तेच लिहिणार असाल, तर जाऊ नका."

इतके होऊनही माझा पहिला अर्ज वाईटच उतरला. 'महाराष्ट्रातील पाणीप्रश्नाचा सर्वांगीण अभ्यास' असा विषय मी लिहिला. त्यात खोरी आली, राजकारण आले, ऊस आला, हवामान आले. आणि सहा महिन्यांत हे सर्व उरकण्याचे आश्वासनही आले. मला काय येते हे मी चार पानांत सांगितले. मला काय येत नाही, ह्याची एक ओळही त्यात नव्हती. ते पोस्टकार्ड तर मी लपविलेच होते. अर्जदाराने आपले अज्ञान सांगावयाचे नसते, असा माझा नोकरीच्या अर्जांवरून झालेला ग्रह. दोन महिन्यांनी दोन ओळींचे नकाराचे पत्र आले. पत्र सौजन्यपूर्ण होते. त्याने राग येण्याचीही सोय नव्हती.

त्या वर्षी साठलेली रजा काढून मी गोदावरीच्या खोऱ्यात एका कालव्याच्या अगदी शेपटाकडील गावी तीन आठवडे राहिलो. रब्बीच्या पाण्याचे अर्ज भरण्याचे ते दिवस होते. चावडीच्या ओट्यावर एक वयस्क शेतकरी नमुना सातचा अर्ज भरून घेत बसला होता. कालव्याचे पाणी हवे असेल त्याने प्रत्येक हंगामाआधी हा अर्ज पाटबंधारे खात्याकडे द्यावयाचा असतो. मी सहज म्हटले, "एवढे काय लिहावे लागते? पाणी पाहिजे, एवढे पुरे नाही का?" तो हसला. म्हणाला, "साहेब, नुसतं 'पाणी द्या' म्हणून कुणी पाणी देतं व्हय? गट नंबर लिवा, क्षेत्र लिवा, पीक कोणतं ते लिवा. आन् मागची थकबाकी असंल तर ती आधी सांगा. ती झाकून ठिवली की अर्ज तितंच अडतो."

गट नंबर, क्षेत्र, पीक आणि थकबाकी. माझ्या चार पानांच्या अर्जात ह्यांतले एकही नव्हते. साऱ्या महाराष्ट्राला पुरेल एवढे पाणी मी मागितले होते, आणि माझे शेत कोणते ते सांगितले नव्हते. थकबाकी तर दडविलीच होती.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. ह्या वेळी विषय एका वाक्याचा होता: धरणातून एका आवर्तनात सोडलेल्या पाण्यापैकी ह्या कालव्याच्या शेवटच्या चारीपर्यंत किती पोचते, आणि उरलेले कोठे जाते? टिपणाच्या आरंभीच पोस्टकार्डाची हकीगत लिहिली आणि त्याचे उत्तर मी देऊ शकलो नाही हेही लिहिले. नमुन्यादाखल १९९२ आणि २००३ च्या त्या दोन जुळ्या बातम्याच जोडल्या आणि दोहोंत काय उणे होते ते खाली नोंदविले. मुलाखतीत मला विचारण्यात आले, "आपल्या अपेक्षेच्या उलट उत्तर आले तर?" मी जरा थांबलो. शेपटाचे पाणी वरचे ऊसवाले पळवितात, हे मी वर्षानुवर्षे लिहीत आलो होतो. मी म्हणालो, "तर माझ्या बऱ्याच बातम्या अर्धवट होत्या, असे छापावे लागेल." अभ्यासवृत्ती मिळाली. आणि तसे छापावेही लागले. पाणी पळविले जात होते, हे खरेच होते; परंतु फुटलेल्या अस्तरांतून आणि गाळाने भरलेल्या चाऱ्यांतून त्याहून कितीतरी अधिक पाणी वाटेतच मुरत होते, आणि ते वरच्या अंगाच्या विहिरींना जाऊन मिळत होते. चोर पकडून शेपटाला पाणी येणार नव्हते.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला किंवा दिल्लीला वृत्तपत्रात काम करीत असेल आणि अशा अर्जाचा विचार करीत असेल, तर माझ्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. विषय असा निवडावा, की त्याचे उत्तर आपल्याला आज ठाऊक नाही आणि मिळालेल्या मुदतीत ते सापडू शकेल. कात्रणे निवडताना गाजलेली न निवडता, जी आज पुन्हा लिहाविशी वाटतात ती एकदा पाहावी. शिफारस मोठ्या नावाची आणण्यापेक्षा, ज्याने आपले काम जवळून पाहिले आणि प्रसंगी कान धरला, त्याची आणावी. घरच्या माणसांशी आधी बोलावे, कारण त्या सहा महिन्यांचा भार त्यांच्यावरही पडतो. आणि नकार आला, तर अर्ज फाडू नये. माझ्या पहिल्या अर्जाची नकल मी जपून ठेविली आहे; नव्या सहकाऱ्यांना ती मी वाचावयास देतो.

परत आलो तेव्हा अंक वेळेवर निघत होता. संपादकांनी ते मला मुद्दाम सांगितले नाही, त्यांचे उपकार. माझ्या जागी बसलेला तरुण चांगले काम करीत होता. मी एक खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.

नंतर त्या शिक्षकांना पत्र लिहिले. कालव्यातून ज्वारीला हंगामात सुमारे २५ सेंटिमीटर पाणी द्यावयाचे आणि धरणातून सुटलेल्यापैकी निम्मेच बांधापर्यंत पोचते, असे धरले, तर एका टीएमसीत सुमारे १४,००० एकर ज्वारी भिजेल. सगळेच पोचले, तर त्याच्या दुप्पट. उसाला ज्वारीच्या आठ-दहा पट पाणी लागते. तेव्हा ऊस त्या मानाने फारच थोडा भिजेल. म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर धरणाच्या आकड्यात नाही. ते कालव्याच्या वाटेवर आणि शेतातल्या पिकात आहे, असे मी त्यांना कळविले. उत्तरास दोन वर्षांहून अधिक विलंब झाला होता, त्याबद्दल क्षमाही मागितली.

आठवड्याभरात त्यांचे कार्ड आले. हा हिशेब त्यांनी सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेतला होता. आणि मुलांनी एक शंका विचारली होती, की मुरलेले पाणी ज्या विहिरींना लागते, त्यांची पाणीपट्टी कोण भरतो?

मी पुन्हा कामाला लागलो.